वडश्याहून उघडून आणलेले डोळे

चामोर्शीच्या आमच्या घरात समोरच्या भिंतीवर आईचा फोटो आहे. एकच. ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते, त्यामुळे माझ्यासाठी आई म्हणजे तो फोटो, बस. काळ्या-पांढऱ्यातला चेहरा, मोठं कुंकू, डोक्यावरून पदर, आणि ते डोळे. डाव्या डोळ्याची पापणी उजव्यापेक्षा जराशी खाली. दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा ठिपका, आणि तोही खालच्या बाजूला. नजर थेट तुमच्यावर नाही, तुमच्या खांद्याच्या थोडी मागे, तुमच्या पाठीशी कुणीतरी येऊन उभं असल्यासारखी. लहानपणी पाढे म्हणता म्हणता मी कितीदा मागे वळून पाहिलं असेल, देव जाणे.

आरशासमोर उभी राहून मी त्या डोळ्यांशी माझे डोळे ताडून पाहायचे. एक रेघ जुळेल तर शपथ. माझे डोळे बाबांचे, मोठे आणि बटबटीत, समोरच्याला आधी तेच दिसतात. आत्या यायची, माझी हनुवटी धरून चेहरा इकडे-तिकडे वळवायची आणि म्हणायची, "हिचं काईच मायवर गेलं नाई वं." बोलून ती चहा प्यायला बसायची आणि मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. जिने जन्म दिला तिचं आपल्याकडे काही म्हणजे काही नाही, हे मी मनाला लावून घेतलं होतं. आता चाळिशी आली, शाळेत पोरांना शिकवते, तरी ते लागतच होतं. खोटं कशाला बोलू?

बाबा आईविषयी बोलत नसत. फार खोदून विचारलं तर एक वाक्य मिळायचं, "तुह्या मायचे डोळे वडश्याहून उघडून आणले होते." आमच्याकडे मोतीबिंदू काढला की डोळे उघडले असंच म्हणतात. त्यामुळे मला वाटायचं, आईचं वडश्याला ऑपरेशन झालं होतं. चौथीत 'माझी आई' निबंधात मी तसं लिहिलंही. गुरुजींनी वहीवर बरोबरची खूण केली, पण माझ्याकडे दोन दिवस विचित्र नजरेनं पाहत होते.

बाबांची आणखी एक सवय होती, तिचा मला भयंकर राग यायचा. ते मला दिवसा झोपू देत नसत. सुट्टीची दुपार, वर पंखा, जेवून मी बाजेवर पाठ टेकली की दहा मिनिटांत खांद्याला हिसका. "ऊठ वं. तोंड वर करून झोपू नको." काम काहीच नसायचं. उठवायचे आणि बाहेर निघून जायचे. मी तापानं फणफणले होते तेव्हाही उठवलं. मी चिडून विचारायचे, "काऊन? मी झोपले त तुमचं काय जाते?" तोवर ते अंगणात पोचलेले असायचे.

दिवाळीच्या आधी घराला चुना दिला. भिंत वाळली तसा बाबांनी आईच्या फोटोशेजारी एक नवा खिळा ठोकला.

"हा कशाले?"

"माह्या फोटोसाठी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस धडधाकट आहे, दोन वेळा भात जेवतो, आणि स्वतःच्या फोटोचा खिळा ठोकून ठेवतो! मी म्हटलं, "लावायचाच आहे ना फोटो? मंग आताच लावू. बसा खुर्चीत." मोबाईल काढला तर त्यांनी हात आडवा धरला. "मोबाईलचा फोटो फोटो नाई. रोलवाल्या कॅमेऱ्यात काढशील त बसतो." आणि गालातल्या गालात हसले. त्यांना वाटलं, आता कुठला आलाय रोलवाला कॅमेरा, सुटलो आपण. पोरगी किती हट्टी आहे हे चाळीस वर्षं पाहूनही कळलं नव्हतं त्यांना.

घरखर्च आणि बाबांच्या गोळ्या जाऊन माझ्या हातात उरत होते अडीच हजार. मोबाईलवर पाहिलं तर बऱ्यापैकी जुन्या कॅमेऱ्याला लोक आठ-आठ, दहा-दहा हजार मागत होते, वर पोस्टाचा खर्च वेगळा. म्हटलं, मरू दे. आपल्या जिल्ह्यात कुणाच्या ना कुणाच्या पेटीत पडलेला असेलच. कॅमेरा कसा तपासायचा ते व्हिडिओ पाहून शिकले. लेन्स उजेडात धरून आत बुरशी दिसते का पाहायचं, शटरचा आवाज ऐकायचा, सेलच्या कप्प्यात हिरवं चढलंय का ते बघायचं, मागच्या झाकणाची काळी पट्टी चिकट झालीय का हे बोटानं पाहायचं. महिनाभरात अशी पटाईत झाले की भल्याभल्यांची बोलती बंद.

पहिला मिळाला आमच्याच आठवडी बाजारात, भंगारवाल्याकडे. "मॅडम, एकदम चालू आहे." मागचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांचं अख्खं गाव नांदत होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे भाडेकरू फुकट देता का वेगळे पैसे?" तो हसला, मीही हसले, आणि पुढे निघाले.

दुसरा गडचिरोलीला, एका रिटायर कंपाउंडरच्या घरी. कॅमेरा दिसायला झकास, पण लेन्समध्ये बुरशीचं जाळं पसरलेलं. नको म्हणून परत देताना सहज मान वर केली. भिंतीवर एका म्हातारीचा फोटो. बोळकं तोंड, गळ्यात काळी पोत. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली. बुबुळात खाली पांढरा ठिपका. नजर माझ्या खांद्यामागे.

कॅमेरा त्यांच्या हातात देऊन मी फोटोखाली जाऊन उभी राहिले.

"ही कोण?"

"माय माही. जाऊन तीस वर्षं झाली."

बसमध्ये मी स्वतःला समजावलं. जुने फोटो सगळे सारखेच दिसतात. रोज एकच फोटो पाहून नजरेला सवय लागली असेल. दोन आठवड्यांनी आरमोरीच्या पुढे एका खेड्यात धानवाल्या शेतकऱ्याकडे कॅमेरा आहे असं कळलं, म्हणून गेले. त्याचं शटर अडकलेलं होतं, दाबलं तर हूं की चूं नाही. पण मी कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हते. समोरच्या भिंतीवर एका जवान पोराचा फोटो होता. मिसरूड फुटलेलं, केसांचा भांग, इस्त्रीचा शर्ट. वैनगंगेत बुडाला होता, घरच्या बाईनं सांगितलं. त्या पोराच्या तोंडावर माझ्या आईचे डोळे होते.

सारखे नव्हेत हो, तेच! ती पापणी, तो ठिपका, ती खांद्यामागची नजर. मिशीवर आईचे डोळे. बाईनं पाणी दिलं, ते प्यायलं जाईना. "फोटो कुठी काढला?" एवढंच विचारता आलं.

"वडश्याहून आणला."

त्या संध्याकाळी घरी आले आणि आईकडे पाहिलं नाही. देवाजवळ दिवा लावला तोही तिच्याकडे पाठ करून. पण पाठ केली की आणखीच वाईट, कारण तिची नजर मुळात पाठीमागेच असते.

कुणी दुसरी असती तर कॅमेऱ्याचा नाद सोडला असता. मी पुढच्याच रविवारी वडश्याची बस धरली. भीती वाटत होती आणि राहवतही नव्हतं. त्या शेतकऱ्यानंच सांगितलं होतं, "वडश्याले रेल्वे लाइनच्या पल्याड एक चाचा आहेत. स्टुडिओ बंद केला त्यायनं, पण कॅमेरे ठेवून आहेत."

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महालाचे खांब आणि एक मोर. हिवाळ्यात नाटक कंपन्यांचा मोसम असतो, त्यातल्या नटांचे फोटो याच मोरासमोर निघायचे, चाचांनी कौतुकानं सांगितलं. ऐंशीकडे झुकलेला माणूस, पांढरी दाढी, बोटांची नखं औषधानं पिवळी पडलेली. फोटो धुवायच्या द्रावणाला ते औषधच म्हणत. त्यांनी कपाटातून एक कॅमेरा काढला, मऊ कापडात गुंडाळलेला. अख्खा धातूचा. सेल लागत नाही, सगळं हातानं. लेन्स उजेडात धरली, स्वच्छ. शटर दाबलं. काय आवाज होता! सुपारी कातरल्यासारखा, एकदम नेमका.

"किती?"

"चार हजार."

"चाचा, माह्यापाशी अडीच आहेत. अन् त्यातूनच बसचं तिकीटही काढायचं आहे."

"आधी चालते का नाई ते त पाहा, बेटी. मंग भांडजो." त्यांनी रोलचा एक तुकडा भरला, मला पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "हालू नको."

तेवढ्यात आतल्या दारातून चाची पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि चाचांच्या मागे उभ्या राहिल्या. मी वर पाहिलं.

ते डोळे. जिवंत. ओले. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली, बुबुळात खिडकीचा उजेड पडून एक पांढरा ठिपका. दीड वर्षाची असल्यापासून जे डोळे आईचे म्हणून पाहत आले, ते एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यात बसून माझ्याकडे बघत होते, आणि उघडझाप करत होते. फोटोतले डोळे कधी मिटत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. मी गच्च डोळे मिटले.

आणि शटर वाजलं.

मी काहीबाही बोलून तिथून निघाले. पाणीही प्यायले नाही. चाची मागून म्हणाल्या, "काय झालं वं? मले पाहून अशेच करतेत लोकं." चाचा म्हणाले, रोल धुवून ठेवतो, पुढच्या रविवारी या.

आठवडाभर शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. बाबांना विचारावं म्हणून दोनदा जवळ गेले आणि चहा हवा का एवढंच विचारून आले. रविवारी गेले तेव्हा चाचा दारातच उभे होते. किमतीचं बोलणं नाही, कॅमेऱ्याचं नाव नाही. सरळ विचारलं, "बेटी, तू कोणाची?"

मी गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. ते खाली बसले. मग हळूहळू बोलले.

त्या काळी खेड्यातली माणसं जिवंतपणी फोटो काढत नसत. माणूस गेला की सायकल वडश्याला पळायची. चाचा जायचे. मेलेल्या माणसाला आंघोळ घालून, चांगले कपडे घालून खुर्चीत बसवायचे, मागून कुणीतरी डोकं धरायचं, आणि फोटो काढायचा. घरच्यांना मिटलेले डोळे भिंतीवर नको असत. म्हणून चाचा आधी एक कच्चा फोटो छापायचे, बारीक ब्रशनं त्यावर डोळे काढायचे आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचे. "याले आम्ही डोळे उघडणं म्हणो," ते म्हणाले.

मी चौथीतला निबंध आठवून तिथंच हसले.

"पण साऱ्यायचे डोळे एकच काऊन, चाचा?"

"ज्यायले कधी उघडे पाह्यलेच नाई, त्यायचे डोळे कसे काढू? समोर हिले बसवो." त्यांनी आतल्या दाराकडे मान केली. "हिचेच पाहून पाहून काढो. हातात एकच जोडी बसली."

चाची दारात उभ्या होत्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. भीती गेली होती असं नाही म्हणत. पण साऱ्या मुलखाच्या भिंतींवरून जी बाई पाहते आहे तिचे गुडघे दुखतात, ती भिंतीला धरून चालते, हे दिसलं. मी उठून त्यांच्या हातातला चहा घेतला.

"तुह्या मायचे डोळे कसे होते, मी सांगू नाई शकत," चाचा म्हणाले. "पण तिचा चेहरा मले याद आहे. डोळे उघडे असले का चेहरा मी भुलून जातो. बंद डोळ्याचे नाई भुलत. दोन-दोन दिवस भिंगाखाली पाहत बसो ना." त्यांनी बिस्किटाच्या जुन्या डब्यातून काढून ठेवलेली एक निगेटिव्ह दाखवली, तिच्यावरून नवा छापलेला फोटो माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्याशेजारी माझा, मागच्या रविवारचा. "तुहा धुतला, औषधात चेहरा वर आला, अन् माह्या हातातला चिमटाच सुटला. मले वाटलं, जुनाच फोटो निंगून राह्यला."

मी दोन्ही पाहिले. डोळे मिटलेली मी, डोळे मिटलेली आई. कपाळ तेच. नाकाची शेंडी तीच. वरचा ओठ मधोमध किंचित उचललेला, हनुवटीवर तोच खळगा. आरशात मला हे कसं दिसणार होतं? आरशात पाहायचं तर डोळे उघडे लागतात, आणि माझे उघडे डोळे बाबांचे. माणसाला स्वतःचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा कधीच दिसत नाही हो! मी खुर्चीतच बसून ढसाढसा रडले. लाजबीज काही वाटली नाही.

मग आईच्या फोटोत आणखी काहीतरी दिसलं. भिंतीवरच्या फोटोत कानाजवळ पदराची घडी आहे. या कच्च्या फोटोत तिथं घडी नव्हती. तिथं बोटं होती, मागून डोकं धरलेली. करंगळी अर्धीच. धानकापणीत विळ्यानं बाबांची करंगळी अर्धी गेली आहे.

म्हणजे बाबांनीच धरलं होतं तिला. आणि पुढं आयुष्यभर दर सुट्टीच्या दुपारी तोच चेहरा त्यांच्यासमोर बाजेवर येऊन पडत होता, तोंड वर करून. मी किती भांडले असेन त्यांच्याशी. मला मेलीला काही कळलं नाही.

कॅमेऱ्याचा भाव मी केलाच नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. होते ते अडीच हजार काढून दिले. चाचांनी बसभाड्याचे परत केले आणि म्हणाले, चांगला ठेवजो, बुरशी लागू देऊ नको.

घरी आले तेव्हा दुपार होती. बाबा नुकतेच जेवून बसले होते. कॅमेरा दाखवला तर तोंड पाहण्यासारखं झालं. "भेटला?" मी म्हटलं, आणखी काही आणलंय. दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले, बोलायचं काय ते ठरवलंही नव्हतं.

आईच्या कच्च्या फोटोकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तो पालथा घातला. तो त्यांना माहीत होता. दुसरा उचलला. खिडकीशी नेला. चष्मा वर केला, खाली केला. अर्ध्या करंगळीचा हात फोटोवरून फिरवला.

"हा जिवंतपणीचा आहे," ते म्हणाले. आवाज अगदीच बारीक झाला होता. "पाह्य, कोणी डोकं नाई धरलं. मान आपली आपणच सांभाळून आहे. हिचा जिवंतपणीचा फोटो कोणी काढला?"

बाबा, ती मी आहे. एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं.

"वडश्याच्या चाचानं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. फोटोला दोऱ्याचा फास केला आणि स्वतःसाठी ठोकलेल्या खिळ्यावर माझा फोटो टांगला, चाचींच्या डोळ्यांशेजारी. जिवंत बाईचा फोटो त्या भिंतीवर! आत्या असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी काढा म्हटलं नाही.

मी फार थकले होते. बाजेवर आडवी झाले, पाठ टेकून, तोंड वर करून. डोळा लागत आला तेव्हा बाबांची पावलं ऐकू आली. बाजेशी येऊन थांबली. मी खांद्यावरच्या हिसक्याची वाट पाहिली. हिसका आला नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ते बसले, आणि बसूनच राहिले. फोटोतली कोण ते त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मी जागी होते. पण मी डोळे उघडले नाहीत.